गाण्याचा पहिलाच शब्द ‘ऊठ’

9 मे या, रशियात दुसऱ्या महायुद्धातील विजयाचा म्हणून पाळल्या जाणाऱ्या विजयदिनाच्या आदल्या आठवड्यात कार्यालयातील एका ज्येष्ठ सहकारी बाईंनी मला आग्रहाने अलेक्सांद्रोव्ह समूहाच्या कार्यक्रमाला नेले. रशियन सैन्याच्या या गायकवृंदाची एखादी तरी चित्रफीत तुम्ही पाहिलेली असणार, त्यामुळे गणवेशातील गायकांच्या रांगा आणि त्यांच्यापुढील बलालैका या त्रिकोणी तंतुवाद्यांचा ताफा यांचे वर्णन करीत बसत नाही. लिहायचे आहे ते माझ्या फजितीविषयी.

मी कार्यक्रमपत्रिकेतील सिरिलिक अक्षरे एकेक करून लावत होते. तेवढ्यात वाद्ये गरजली आणि मान वर केली तर माझ्यापुढे फक्त पाठी होत्या. सारे सभागृह उभे होते. शेजारच्या आजी काठीवर भार देऊन उभ्या होत्या आणि सहा वर्षे मॉस्कोत राहिलेली मी मांडीवर पर्स घेऊन बसलेली होते. गाणे होते ‘स्व्याश्चेन्नाया व्होयना’, म्हणजे ‘पवित्र युद्ध’, आणि त्याचा पहिलाच शब्द ‘ऊठ’ असा आहे.

माझी बाजू मांडायलाच हवी. राष्ट्रगीत असते तर मी आपोआप उभी राहिले असते. त्याची चालही याच समूहाचे संस्थापक अलेक्सांद्र अलेक्सांद्रोव्ह यांची आहे आणि 1944 मध्ये सोव्हिएत संघासाठी स्वीकारलेली ती चाल 2000 मध्ये नव्या शब्दांसह रशियाने पुन्हा घेतली, एवढे मला ठाऊक होते. पण हे राष्ट्रगीत नव्हते, निवेदकाने सूचना दिली नव्हती, पत्रिकेतही तसे काही छापलेले नव्हते. आपल्याकडे 2023 मध्ये ‘जय जय महाराष्ट्र माझा’ हे राज्यगीत झाले तेव्हा उभे राहण्याविषयी शासनाने निदान मार्गदर्शक सूचना तरी काढल्या होत्या. न लिहिलेला नियम परक्या माणसाने ओळखायचा कसा? बाई मात्र काही बोलल्या नाहीत, आणि त्यांनी रागावून मला उठवले असते तर बरे झाले असते, असे मला अजून वाटते.

घरी परतताना त्यांनीच हकीकत सांगितली. जर्मनीने 22 जून 1941 रोजी आक्रमण केले, 24 तारखेच्या वृत्तपत्रांत लेबेदेव्ह-कुमाच यांची कविता छापून आली, आणि अलेक्सांद्रोव्ह यांनी तिला लगेच चाल लावली. स्वरलिपी छापायला सवड नव्हती म्हणून त्यांनी ती खडूने फळ्यावर लिहिली, गायकांनी वहीत उतरवून घेतली आणि त्याच आठवड्यात मॉस्कोच्या बेलोरुस्की रेल्वे स्थानकावर आघाडीकडे निघालेल्या सैनिकांपुढे ती गायली. सैनिकांनी ती पुनःपुन्हा म्हणायला लावली असे सांगतात. मला नवल वाटले ते तालाचे. हे पाय आपटत चालण्याचे दोन मात्रांचे गाणे नाही. त्याला आपल्या दादऱ्यासारखा तीन-तीन मात्रांचा झोका आहे, आणि तरीही ते ऐकताना पाठीचा कणा आपोआप ताठ होतो.

हा समूह संरक्षण मंत्रालयाचा आहे आणि 2022 पासून हेच सैन्य युक्रेनमध्ये लढत आहे. आक्रमकाविरुद्ध रचलेले हे गाणे आज ऐकणाऱ्याच्या मनात कोणत्या आघाडीवर जाऊन पोहोचते, हा प्रश्न मी बाईंना विचारला नाही. त्यांचे आजोबा त्या महायुद्धातून परतले नव्हते, आणि मी येथे व्हिसावर राहते, अशी दोन कारणे मी स्वतःला दिली. त्यांतील पहिले सांगायला अधिक बरे दिसते.

उत्तरार्धात लोकगीते झाली. सर्वांत जास्त टाळ्या मिळवणारी ‘कालिन्का’ काटेकोरपणे लोकगीत नाहीच, ती इव्हान लारिओनोव्ह यांनी 1860 मध्ये सारातोव्ह येथे रचली. त्यापूर्वी बाई हळूच म्हणाल्या की 25 डिसेंबर 2016 रोजी सीरियाकडे निघालेले विमान काळ्या समुद्रात कोसळले, त्यातील 92 मृतांपैकी 64 जण या समूहाचे होते, आणि आज समोर दिसणारे बरेचसे चेहरे नंतर भरती झालेले आहेत. त्यानंतर मला त्या रांगांकडे पूर्वीसारखे पाहता आले नाही.

एक गोष्ट मात्र अगदी घरची वाटली. एकटा गायक ओळ उचलतो, त्याला ‘झापेव्हाला’ म्हणतात, आणि मागचा वृंद ती झेलतो. आमच्याकडे शाहीर आणि झीलकरी असतात, हे मी बाईंना मोठ्या अभिमानाने ऐकवले. एवढ्यावर न थांबता वाटेगावच्या अण्णा भाऊ साठे यांनी स्तालिनग्राडवर मराठी पोवाडा रचला होता आणि त्यांचा पुतळा 2022 पासून मॉस्कोतच, परदेशी साहित्याच्या ग्रंथालयात आहे, हेही सांगितले. बसून राहिल्याची थोडी भरपाई झाली, असे वाटत होते. तेवढ्यात बाई म्हणाल्या, “मग म्हणून दाखवा की.”

मला एक ओळही येत नव्हती. भुयारी रेल्वेच्या आवाजात काही ऐकू जाणार नाही, असे मी म्हटले, आणि गाडीत तेव्हा खरोखरच मोठा आवाज होता.

रात्री वडिलांना फोन केला. तरुणपणी ते गावच्या कलापथकात होते, तेव्हा त्यांना तो पोवाडा नक्की येत असेल, अशी माझी खात्री होती. ते बराच वेळ आठवत राहिले आणि मग म्हणाले, “शब्द शाहिराला पाठ असायचे गं. मी मागे उभा असायचो.” आणि फोनवरच त्यांनी ‘जी जी रं जी’ची झील धरली.