घोडीला काही झालेलं नव्हतं

डॉक्टरांनी घोडीच्या जबड्याखालची बोटं काढली, घड्याळाकडे एकदा बघितलं आणि म्हणाले, "चौसष्ट. ताप नाही, पोटदुखी नाही. घोडीला काही झालेलं नाही. तुझा हात इकडे कर."

मी हात पुढे केला. त्यांनी माझी नाडी धरली, पाच-सहा सेकंदांतच सोडली आणि नुसते हसले.

सारंगखेड्याच्या यात्रेतली ही सकाळ. दत्तजयंतीला एकमुखी दत्ताच्या दर्शनाला लोक येतात आणि त्याच यात्रेत तापीकाठी घोड्यांचा बाजार भरतो. मारवाडी, काठियावाडी, पांढरेशुभ्र नुकरा, दुरंगी पट्ट्यांचे अबलख, तांबूस-तपकिरी कुमैत; दूरदूरच्या राज्यांतून घोडे येतात. मी मालकांचे घोडे स्पर्धेसाठी तयार करतो आणि रिंगणात धरून फिरवतो. लोक आम्हाला उस्ताद म्हणतात, पण मान सगळा घोड्याचा आणि चूक झाली की आमची.

त्या वर्षी माझ्याकडे एका शेठची मारवाडी बछेरी, म्हणजे कोवळी घोडी, होती. कुमैत, पंचकल्याणी (चारी पाय नि तोंडावर पांढरं), कान असे की टवकारले की टोकं एकमेकांना टेकायची. नुकतीच दोन दात झालेली, म्हणजे अडीच वर्षांच्या पुढची. चार महिने मी तिच्यामागे होतो. पहाटे रपेट, मग खरारा, मग नुसतं उभं राहण्याचा सराव. लोकांना वाटतं घोडा चालवणं अवघड. चालतो तो. चार पाय जमिनीवर ठेवून, मान उंच धरून, परक्या माणसाने दात उघडून बघितले तरी जागचं न हलणं, हे शिकवताना दमछाक होते.

घरी ती पुतळ्यासारखी उभी राहायची. इथे उंची मोजायला काठी आणली आणि ती सरळ मागच्या दोन पायांवर. दुसऱ्यांदा तेच. तिसऱ्यांदा कशीबशी मोजणी झाली, पण तोवर तिच्या मानेवर घामाचा फेस आला होता, डिसेंबरच्या थंडीत. शेठ म्हणाले, "ताब्यात राहत नसेल तर काटेरी लगाम घाल ना. सगळे घालतात." सगळे घालत नाहीत, आणि गाडीच्या नि ओझ्याच्या जनावरांसाठी तर 1965 च्या नियमांतच त्याला बंदी आहे. पण मला तेव्हा नियमाची आठवण झाली नव्हती हे कबूल करतो. माझा हात खरंच पेटीकडे गेला होता. तेवढ्यात कुणीतरी डॉक्टरांना बोलावून आणलं.

निवांत उभ्या घोड्याची नाडी मिनिटाला 28 ते 44 असते. हिची चौसष्ट. डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं आणि छत्रीची गोष्ट सांगितली. स्वीडनमधल्या संशोधकांनी माणसांना घोडे धरून ठरलेल्या वाटेवर चालायला लावलं. शेवटच्या फेरीआधी सांगितलं, की आता तुमच्या बाजूला एकदम छत्री उघडणार. छत्री उघडलीच नाही. तरी माणसांच्या छातीचे ठोके वाढले, आणि ज्यांना छत्रीचं काहीच कळलं नव्हतं त्या घोड्यांचेही वाढले. 2009 साली ते छापून आलं म्हणे.

"तुझी छत्री कोणती?" डॉक्टरांनी विचारलं.

माझी छत्री पलीकडच्या तंबूत होती. आम्ही दोघे एकाच उस्तादाच्या हाताखाली, एकाच तबेल्यात लीद उचलत मोठे झालो. मागच्या दोन्ही वेळा त्याच्या हातातला घोडा माझ्या पुढे गेला होता. याही वर्षी त्याच्याकडे दोन दातीच बछेरी होती. सकाळी भेटला तेव्हा पाठीवर थाप मारून म्हणाला, "भाऊ, चांगली आणलीस रे." बस, एवढंच. पण त्या 'चांगली'त मला काय काय ऐकू आलं! तेव्हापासून मी माझ्या बछेरीकडे बघतच नव्हतो. तिच्या पाठीवरून पलीकडे, त्याच्या तंबूकडे बघत होतो. आणि दोरी मुठीत अशी आवळलेली, की ती बिचारी मान हलवायला गेली तरी माझी मूठ तिच्या नाकाला लागायची.

रिंगणाला अजून दोन तास होते. मी तिला घेऊन नदीकडे गेलो. बॅरेजमुळे तापी तिथे भरलेली असते. लाउडस्पीकर मागे पडला. शेठचे तीन फोन आले, उचलले नाहीत. (नोकरी असती तर गेली असती. आमची मजुरी, तिथे नोटीस कोण देणार.) दोरी सैल सोडून खाली बसलो. ती अर्धा तास गवताला तोंड लावेना. मी श्वास मोजायचं ठरवलं तर मोजतानाही मनात तोच, त्याची बछेरी, तिचे कान, तिची उंची. मग ते सोडलं आणि रोज तिची चंदी, म्हणजे खुराक, कालवताना जे गुणगुणतो ते गुणगुणायला लागलो. सूर वगैरे काही नाही, घशातल्या घशात. घोड्याच्या जबड्याच्या हालचालीवरून कळतं, की त्याला आता सुटल्यासारखं झालंय. थोड्या वेळाने तिने खालचा ओठ सोडला, जबडा दोनदा चघळल्यासारखा हलवला आणि नाकातून लांब फुर्र केलं. तेव्हा मला कळलं की माझे खांदेही खाली आलेत.

रिंगणात ढोल होते, वर ड्रोन. आमच्या पुढे पाच बछेऱ्या, त्याची तिसरी. मी डाव्या बाजूला, तिच्या खांद्याशी. अगदी कपाळासमोर उभं राहिलं तर घोड्याला माणूस दिसत नाही, म्हणून जरा तिरका. दोरी दोन बोटांत. नजर तिच्या जवळच्या कानावर, दुसरीकडे न्यायची नाही असं ठरवलेलं. तोंडाने घूं घूं चालूच. त्याच्या पोराने मागून कान टवकारायला प्लास्टिकची पिशवी खडखडवली, तेव्हा एकदा तिच्या पाठीची कातडी थरथरली. मी काहीच केलं नाही. ती उभी राहिली. परीक्षकांनी ओठ उचलून दात बघितले, पायांवरून हात फिरवला, दोन पावलं मागे जाऊन बराच वेळ बघत राहिले. चार महिन्यांत ती एवढी देखणी मला कधी दिसली नव्हती.

मग शेवटची चाल. दुडकीवर एक फेरी. आम्ही अर्ध्यावर असताना पुढे त्याची बछेरी ठेचकाळली. फार नाही, पुढचा एक पाय दुमडला नि सावरली. माझी नजर गेली. आणि पोटात आनंदाची उकळी आली, खोटं कशाला सांगू. पुढच्याच पावलाला माझ्या बछेरीने मान वर फेकली, चाल मोडली आणि चार पावलं आडवी पळाली. भीती दोरीतून उतरते हे सकाळीच कळलं होतं. आनंद तसाच उतरतो हे मला कुणी सांगितलं नव्हतं. डॉक्टरांनीही नाही.

आमचा तिसरा नंबर. त्याचा दुसरा. पहिली आली ती एक शांत अबलख, जिच्याकडे आम्ही दोघांनी दिवसभरात ढुंकून बघितलं नव्हतं.

शेठ काही बोलले नाहीत, पैसे ठरल्याप्रमाणे दिले. काटेरी लगाम मी त्यांच्या पेटीत परत टाकला. रात्री तो आमच्या तंबूत आला, सोबत चहाचे दोन ग्लास. बछेरी आडवी पडून गाढ झोपली होती, पाय पसरून. परक्या जागेत घोडा सहसा असा झोपत नाही. तो तिच्याकडे बघत बसला, मी त्याच्याकडे. ग्लास घ्यायला हात पुढे केला तर तळव्याला चटका बसला. दोरीने उजव्या तळहाताची साल निघाली होती, सकाळपासून लक्षातच आलं नव्हतं. मी ग्लास डाव्या हातात घेतला. तेव्हा बघितलं, तोही डाव्याच हाताने चहा पीत होता.