फळीवरचा रेडिओ

"मामा, हा म्हातारा पहिले लय मारे का?"

टपरीवर मोबाईलात आयपीएलची मॅच चालू होती. धोनी बॅटिंगला आला अन् बारा वर्षांच्या भाच्यानं हे विचारलं. हातातला चहा तसाच राहिला.

मारे का? 2 एप्रिल 2011, वर्ल्ड कपची फायनल, समोर श्रीलंका. 275 चं टार्गेट, सचिन 18 वर गेलेला, अर्धे लोक उठून घरी. मग गंभीरच्या 97 धावा. (मॅन ऑफ द मॅच त्यालाच पाहिजे होतं, हे माझं आजही मत आहे.) अन् ऐन शेवटी आमच्या गावची लाईन गेली!

बाबांनी फळीवरचा रेडिओ काढला. ओट्यावर पंधरा-वीस जण, अंधारात कान लावून. धोनीनं त्यांच्या बॉलरला, कुलसेकराला, मारलेला तो जिंकून देणारा षटकार आम्ही पाहिलाच नाही, ऐकला. बाबा रडले होते असं आई सांगते. ते कबूल करत नाहीत.

धोनी अजून पॅड बांधतो, म्हणून 2011 कालपरवाचंच वाटते. ओट्यावरचे निम्मे मात्र पुण्यात कंपनीत आहेत, अन् बाबांना आता ओटा चढवत नाही.

घरी येऊन पाहिलं. रेडिओ फळीवरच आहे. सेल टाकले तर लागन का हो?