यांगत्सेचा ॲलिगेटर पाहायला श्वेनचेंगला

चीनमधल्या श्वेनचेंगला हे मगरीचे भाऊबंद पाहायला आणि त्यांचा हुंकार ऐकायला जायचं असेल तर मेअखेर ते जूनच्या मध्यापर्यंतच जा, हे आधीच सांगतो. ऑक्टोबरअखेर ते एप्रिल ही जनावरं बिळात झोपलेली असतात.

ॲलिगेटरच्या जगात दोनच जाती उरल्यात, एक अमेरिकेत आणि दुसरी चीनमध्ये यांगत्सेच्या खोऱ्यात. कृष्णाकाठच्या मगरी पाहिलेल्या माणसाला हा चिनी भाऊबंद फारच लहान वाटतो. पूर्ण वाढलेला साधारण दीड मीटर, मुस्कट आखूड आणि टोकाशी किंचित वर वळलेलं. दुर्बिणीतून पापणी बघा, तिच्यातही हाड असतं.

आन्हुई प्रांतातल्या श्वेनचेंगला १९७९ पासून यांचं प्रजनन केंद्र आहे. सकाळी तळ्याकाठी उभे होतो, तेवढ्यात एकाने डोकं आणि शेपटी पाण्याबाहेर उचलली, गळा फुगवला आणि हुंकार दिला. लगेच पलीकडून दुसरा, मग तिसरा, आणि बघता बघता सगळं तळं घुमायला लागलं. नर-माद्या दोघंही ओरडतात. एवढ्याशा जिवातून निघालेला तो आवाज छातीत जाणवतो. त्या एका आवाजासाठी मी पुन्हा एवढा प्रवास करेन.

केंद्रात ते भरपूर दिसतात, म्हणून सगळं आलबेल आहे असं समजू नका. पाणथळ जागा बुजवून भातखाचरं झाली. बांधातल्या बिळांमुळे खाचरातलं पाणी निघून जातं, बदकंही हे ॲलिगेटर खातात, म्हणून शेतकऱ्यांनी त्यांना मारलं. रानात शे-दीडशेच उरले होते. २००३ पासून केंद्रात वाढलेले निसर्गात सोडायला लागले, आणि मला या जागेचं खरं मोल त्यातच वाटतं. सोडलेल्यांच्या तळ्यांवर परवानगीशिवाय घुसू नका. जुलैत माद्या पालापाचोळ्याचं घरटं करून अंडी घालतात, तेव्हा तर नाहीच.

नानजिंगहून रेल्वे सोयीची आहे. तिकीट पासपोर्टवर निघतं, तो हाताशी ठेवा. पैसे देण्यासाठी अलीपे भारतातूनच चालू करून घ्या. गूगलचे नकाशे तिथे चालत नाहीत, त्यामुळे केंद्राचं नाव चिनी लिपीत फोनमध्ये ठेवा आणि टॅक्सीवाल्याला दाखवा. जूनमध्ये पावसाची झड लागते. छत्री आणि डासांचं मलम हवंच. शाकाहारी असाल तर सोबत दशम्या-चटणी असू द्या.

मुक्काम हांगचौला असेल, तर चच्यांग प्रांतातलं छांगशिंगचं ॲलिगेटर अभयारण्य जवळ पडेल.