लाल कागदाची बॅटरी

परवा दुपारी वीज गेली आणि नेमकी त्याच वेळी घरच्या मंडळींना लोणच्याची मोठी बरणी माळ्यावरून खाली हवी झाली. आमच्या माळ्यावर भर उन्हातही अंधार असतो, म्हणून कपाटाच्या खणात चाचपडलो तेव्हा हाताला लागली ती तोंडाला पतंगाचा लाल कागद दुहेरी लावून वर रबर आवळलेली जुनी बॅटरी. कळ दाबली, पण ती पेटली नाही. मागचे झाकण फिरवले तर आतले सेल पाझरून त्यांच्यावर पांढरी भुकटी चढलेली. बरणीपुरता मोबाइलचा उजेड पुरला, बरणी खाली आली, पण बॅटरी काही हातातून सुटेना.

तो कागद मेस्त्रींनी लावलेला होता. आकाश पाहण्याचे वेड असलेल्या आमच्या दहा-बारा जणांच्या टोळक्यात शिक्षक आहेत, बँकेतले आहेत, एक दातांचे डॉक्टर आहेत. मेस्त्री मात्र एकच होते. बेळगावच्या उद्यमबागेत, कारखान्यांच्या वसाहतीत, त्यांचे आयुष्य लेथवर गेले. अंधाराला डोळे सरावायला अर्धा तास लागतो आणि पांढऱ्या उजेडाच्या एका झोताने ती सगळी कमाई जाते, हे आम्हांला ठाऊक असूनही कोणीतरी गाडीचे दार उघडायचेच आणि आतला दिवा लागायचाच. मेस्त्री ओरडत नसत. ते डोळे मिटून, ‘गेली वीस मिनिटे,’ एवढेच म्हणत आणि त्या आवाजाने दार उघडणाऱ्याला शिवी खाल्ल्यापेक्षा जास्त लाज वाटे. अखेर एका अमावस्येला त्यांनी सगळ्यांच्या बॅटऱ्या गोळा केल्या आणि खडे बाजारातून आणलेल्या लाल कागदाने एकेकीचे तोंड बांधून परत दिल्या.

आम्ही जांबोटीच्या पुढे, कणकुंबीच्या वाटेवरच्या एका माळावर जातो. तिथे ध्रुव क्षितिजापासून जेमतेम दीड मूठ वर दिसतो. हात लांब करून एक डोळा मिटायचा आणि मूठ धरायची, हे मापही मेस्त्रींचेच. बैलहोंगलकडचे आमचे कन्नड गुरुजी चांदणीला चिक्की म्हणतात, कारण त्या भागात चांदणीला चिक्कीच म्हणतात. एकदा कोणाच्या तरी लहानग्याने ‘शेंगदाण्याची का?’ असे विचारले, तेव्हापासून आकाश स्वच्छ असले की मेस्त्रींचा निरोप ठरलेला असे: आज चिक्की भरपूर आहे.

माझे आकाश लहानपणी आजीच्या अंगणात, खानापूरकडे सुरू झाले. घोंगडीवर उताणे पडून आजीने दाखवलेली म्हातारीची बाज आणि ती पळवणारे तीन चोर मी आधी पाहिले. तेच सप्तर्षी आहेत हे फार पुढे शाळेत कळले. पण त्याच आजीने 16 फेब्रुवारी 1980 च्या दुपारी, सूर्यग्रहणाच्या वेळी, दारे-खिडक्या लावून आम्हां भावंडांना माजघरात कोंडले होते. पाण्याच्या हंड्यावर तुळशीपत्र ठेवले होते आणि दाराच्या फटीतून येणारी उन्हाची चिरी मावळल्यासारखी फिकी होत गेलेली मला आजही दिसते. त्या दिवशी खग्रासाचा पट्टा आमच्या दक्षिणेला हुबळीवरून रायचूरकडे गेला. मी माजघरात घाम पुसत होतो तेव्हा विशीतले मेस्त्री, कारखान्यात आजारपणाचे कारण सांगून, एसटीने हुबळी गाठून एका शेताच्या बांधावर उभे होते. ‘पाखरे झाडांवर परत आली, आणि माणसे घरात लपून बसली होती,’ असे ते सांगत. मला त्यांचा हेवा वाटे आणि तो मी कधी लपवला नाही.

पुढे त्यांनी मला माझ्या दुर्बिणीचा सहा इंची आरसा घासायला शिकवला. पिंपावर काच ठेवून तिच्याभोवती फिरत आधी भरड, मग बारीक कार्बोरंडमच्या भुकटीने आणि शेवटी डांबराच्या थरावर सिरियम ऑक्साइडने तो घासताना माझे चार महिने गेले. लेथवर शतांश मिलिमीटरची चूक म्हणजे नामुष्की मानणारा हा माणूस, आरशाला त्याच्याही शेकडो पट काटेकोर व्हावे लागते आणि ते नुसत्या तळहाताने साधते, हे सांगताना खुळ्यासारखा हसायचा.

भूतप आणि शौरी यांच्या मधल्या उत्तर मुकुट या तारकासमूहात एक तारा आहे, जो एरवी दुर्बिणीशिवाय दिसत नाही. तिथे एक श्वेतबटू, म्हणजे जळून संपलेल्या ताऱ्याचा उरलेला लहानसा गाभा, शेजारच्या तांबड्या राक्षसी ताऱ्याचे द्रव्य ओढत राहतो आणि सुमारे 80 वर्षांनी ते साचलेले द्रव्य पेटून तो ध्रुवाइतका तेजस्वी होतो आणि काही दिवस नुसत्या डोळ्यांना दिसतो. 1866 मध्ये असे झाले, 1946 मध्ये झाले, आणि 2024 पासून जगभरचे हौशी निरीक्षक पुन्हा त्याची वाट पाहू लागले. तो सुमारे 3000 प्रकाशवर्षे दूर असल्यामुळे मेस्त्री म्हणत, ‘स्फोट केव्हाच झालाय, पत्र पोस्टात आहे.’ हिवाळ्यात ते पहाटे चारला उठून गच्चीवर जात, नुसत्या डोळ्यांनी मुकुट पाहत आणि शंभर पानी वहीत तारखेपुढे एक शब्द लिहीत.

फेब्रुवारीतल्या एका गुरुवारी सकाळी ते गेले. आदल्या रात्री त्यांचा निरोप आला होता: शनिवारी जांबोटी, सेल बदलून आणा. शोकसभेत एक वक्ते म्हणाले की मेस्त्री आता तारा झाले आहेत, आणि आम्ही सगळ्यांनी एकदमच माना खाली घातल्या. या वाक्याची मेस्त्रींना विलक्षण चीड होती. ‘सगळे मोजून ठेवलेत, एक वाढला तर आधी मला कळेल,’ असे ते म्हणायचे. दिसणारे निम्मे तारे केव्हाच विझलेले आहेत, असे कोणी हळवे होऊन म्हटले तरी ते चिडत. नुसत्या डोळ्यांना दिसणारे जवळपास सगळे तारे आजही जागेवर आहेत, आणि ताऱ्यांच्या आयुष्यापुढे हजार-दोन हजार वर्षे म्हणजे काहीच नाही, हे ते बोटांवर हिशेब करून पटवत. त्यामुळे आम्हांला ते नेहमीचे सांत्वनही वापरता येईना.

शनिवारी जायचे की नाही, यावर कोणी बोलले नाही आणि सगळे आले. त्यांच्या मुलाने ती वही आणून गुरुजींच्या हातात दिली. रात्रभर आम्ही दुर्बिणी मांडून बसलो, पाहिले मात्र फारसे नाही. पहाटे चारच्या सुमारास मुकुट चांगला वर आला होता, तेव्हा गुरुजींनी वही उघडली आणि माझ्या बॅटरीच्या लाल उजेडात आम्ही ते पान पाहिले. नाही. नाही. ढग. नाही. पाहुणे आले. नाही. शेवटची तारीख बुधवारची होती. आमच्यातल्या सगळ्यांत लहान मुलीने, जी यंदा दहावीला आहे, मान वर करून बराच वेळ पाहिले, पेन मागितले आणि शनिवारच्या तारखेपुढे ‘नाही’ लिहिले. गुरुवार आणि शुक्रवार तिने रिकामे सोडले.

वही आता पाळीपाळीने फिरते. पुढच्या आठवड्यात माझ्याकडे येईल.

कोपऱ्यावरच्या दुकानातून दोन सेल आणले, आतल्या स्प्रिंगवरची भुकटी पॉलिश पेपरने खरवडून काढली आणि कळ दाबली. तोवर वीजही आली होती. खिडकीतून ऊन थेट हातावर पडत होते, आणि दुहेरी लाल कागदाआड ती पेटली की नाही, हे काही केल्या कळेना.