मिशिगनकडून हरलेलं गाव

नोव्हेंबरअखेर अमेरिकेतल्या ओहायो राज्यात, कोलंबसला येऊ नकोस, असं ताईने बजावलं होतं. झाडं बोडकी झालेली, थंडी हाडात शिरणारी, फिरायला म्हणून काही नाही. भाच्याचं म्हणणं नेमकं उलट. “मामा, एकदाच येणार असशील तर त्याच आठवड्यात ये.” तो ओहायो स्टेट युनिव्हर्सिटीत शिकला आणि त्याच शहरात नोकरीला लागला. थँक्सगिव्हिंगनंतरच्या शनिवारी त्याच्या युनिव्हर्सिटीचा शेजारच्या राज्यातल्या मिशिगन युनिव्हर्सिटीशी फुटबॉलचा सामना असतो. मी भाच्याचं ऐकलं. साल 2024.

आपण कोल्हापुरात खेळतो तो हा फुटबॉल नव्हे. इथे लांबट चेंडू हातात धरून पळायचं किंवा पुढे फेकायचा. चार प्रयत्नांत दहा यार्ड सरकलात तर चेंडू तुमच्याकडेच, नाहीतर समोरच्यांकडे. शेवटच्या पट्ट्यात पोहोचलात की टचडाऊन, सहा गुण. तिथवर जमत नसेल तर दोन खांबांमधून लाथ मारून तीन. एवढं कळलं तरी सामना बघता येतो. लोकांच्या जिवाची घालमेल कळायला मात्र मागचा इतिहास लागतो, आणि तो मला गाडीतच ऐकवण्यात आला.

दोन राज्यांचं भांडण फुटबॉलच्या आधीचं आहे. 1835 मध्ये टोलेडो शहराच्या पट्ट्यावरून ओहायो आणि मिशिगन एकमेकांवर सशस्त्र माणसं घेऊन गेले होते. टोलेडो ओहायोला मिळालं, मिशिगनला बदल्यात उत्तरेचा जंगलांनी भरलेला मोठा मुलूख. मग 1897 मध्ये दोन्ही विद्यापीठं पहिल्यांदा मैदानात भेटली, ओहायो स्टेट 34–0 ने हरली. त्यांना मिशिगनवर पहिला विजय मिळायला 1919 उजाडलं. 1918 पासून हा सामना दरवर्षी होत आला आहे, खंड पडला तो फक्त 2020 मध्ये, कोविडमुळे. 1950 चा सामना कोलंबसच्या हिमवादळात झाला. मिशिगनला अख्ख्या सामन्यात एकदाही ते दहा यार्ड पुरे करता आले नाहीत आणि तरीही 9–3 ने जिंकले तेच. कोलंबसचे म्हातारे हे अजून कालच घडल्यासारखं सांगतात.

त्यातही 1969 ते 1978 हा काळ वेगळा. ओहायोचे प्रशिक्षक वुडी हेज, मिशिगनचे बो शेम्बेक्लर. बो हा वुडींच्याच हाताखाली तयार झालेला. त्याने पहिल्याच वर्षी गुरूच्या अव्वल नंबरच्या संघाला 24–12 ने पाडलं. त्या दहा वर्षांचा हिशेब बोच्या बाजूने पाच, वुडींच्या बाजूने चार, एक बरोबरी. 2006 मध्ये दोन्ही संघ देशात पहिल्या-दुसऱ्या क्रमांकावर असताना गाठ पडली आणि सामन्याच्या आदल्याच दिवशी बो वारला. ओहायोने तो सामना 42–39 जिंकला. हे सांगताना भाच्याचा आवाज जरा खाली आला. बो त्यांचा शत्रू, पण परका कधीच नव्हता.

कॅम्पसवर शुक्रवारी फिरलो. त्या आठवड्यात विद्यापीठातल्या पाट्यांवरच्या, इमारतींच्या नावांमधल्या प्रत्येक इंग्रजी ‘एम’वर लाल चिकटपट्टीची फुली मारलेली असते. ग्रंथालयाकडे जाताना एक मुलगी खुर्चीवर चढून एका फलकावर फुली मारत होती. खाली उभा मित्र पट्टीचे तुकडे तोडून तिच्या हातात देत होता. पट्टी सरळ बसेना, तर तिने ती उकलून पुन्हा लावली. इतक्या निगुतीने चाललेलं काम मी फार दिवसांनी पाहिलं. मिशिगनचं नाव तर तोंडातून काढतच नाहीत. ‘वरची ती टीम’ म्हणतात. मिशिगनला हरवलं की प्रत्येक खेळाडूला सोन्याची छोटीशी विजार मिळते, गळ्यात घालायची. 1934 पासूनची पद्धत. ‘तेही आपल्यासारखेच एकेक पाय घालून विजार चढवतात,’ असं तेव्हाचे प्रशिक्षक फ्रान्सिस श्मिट म्हणाले होते, त्यातून ती आली. 2021 पासून कोणालाही ती विजार मिळालेली नव्हती. आणि त्याआधी 2012 ते 2019 सलग आठ वेळा ओहायोच जिंकलेलं! त्यामुळे पुढचे तीन पराभव लोकांना जास्तच झोंबत होते.

शनिवारी सामना दुपारी बाराला, पण आम्ही पहाटेच निघालो. लेन ॲव्हेन्यूच्या आसपास गाड्यांच्या डिक्या उघड्या टाकून, शेगड्या पेटवून लोक जमले होते. भाच्याच्या मित्रांत चार-पाच मराठी घरं होती. ताईने थर्मासमध्ये तांबडा रस्सा भरून दिला होता. शून्याखालच्या थंडीत कागदी पेल्यातून तो पिताना शेजारच्या गाडीवाल्यांनीही हात पुढे केला, आणि मग त्यांच्याकडच्या सॉसेजवर तोच रस्सा ओतला गेला. मला कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमची आठवण आली. पाटाकडील आणि प्रॅक्टिस क्लबचा सामना असला की पेठेत सकाळपासून कामात कुणाचं लक्ष नसतं, दुकानात गिऱ्हाईक उभं असलं तरी बोलणं सामन्याचंच. फरक एवढाच की इथे अशी लाखभर माणसं होती.

ओहायो स्टेडियम 1922 चं, घोड्याच्या नालेच्या आकाराचं. आसनं 1 लाख 2 हजार 780. सामन्याआधी विद्यापीठाचा बँड मैदानावर चालता चालता ‘ओहायो’ हा इंग्रजी शब्द वळणदार लिपीत लिहितो, आणि शेवटी सुझाफोन हे भलं मोठं पितळी वाद्य घेतलेला एक विद्यार्थी झुलत झुलत जाऊन ‘आय’वरचा टिंब होतो. 1936 पासून हे चालू आहे. टिंब पडलं आणि आमच्या पुढच्या रांगेतल्या आजोबांनी टोपी काढली.

हे आजोबा मी पुढे तीन तास पाहत होतो. बसायला घरून आणलेली उशी, कानात रेडिओ, आणि डाव्या हातात एक बकाय. त्याच नावाच्या झाडाचं तपकिरी बी. मधे फिकट डोळा असतो. ओहायोत नशिबासाठी खिशात ठेवतात. त्यांचं इतकं चोळलं गेलं होतं की त्यात उजेड दिसत होता. वडिलांचं आहे, म्हणाले. लहानपणी वडिलांबरोबर याच बाजूला बसायचे.

आता सामना. ओहायो स्टेट देशात दुसऱ्या क्रमांकावर, दहा सामने जिंकून एक हरलेली. मिशिगन सहा जिंकून पाच हरलेली, दोन मोठे खेळाडू दुखापतीने बाहेर. जाणकारांनी ओहायोला वीस गुणांच्या आसपास पुढे धरलं होतं. ओहायोच्या खेळाडूंवर त्या वर्षी साधारण दोन कोटी डॉलर खर्च झाल्याचं विद्यापीठाच्या क्रीडा विभागाने स्वतःच सांगितलं होतं. 2021 पासून कॉलेजच्या खेळाडूंना स्वतःच्या नावावर पैसे कमावता येतात, त्यामुळे हे सगळं उघड चालतं. जेरेमाया स्मिथसारखा पहिल्या वर्षाचा, चेंडू अफाट झेलणारा खेळाडू त्यांच्याकडे होता.

आणि तरी ओहायोचे प्रशिक्षक रायन डे यांचा संघ चेंडू घेऊन पुन्हा पुन्हा मैदानाच्या मधूनच पळत राहिला. मिशिगनच्या मधल्या फळीत मेसन ग्रॅहम आणि केनेथ ग्रँट असे दोन डोंगर उभे होते. अख्ख्या सामन्यात ओहायोला धावून यार्ड मिळाले फक्त 77. माझ्यासारख्या नवख्यालाही दिसत होतं की बाजूला मोकळी जागा आहे, तिकडे फेका. आजूबाजूचे लोक सुरुवातीला ओरडत होते, मग विनवू लागले. मध्यंतराला 10–10. त्यानंतर ओहायोला एकही गुण मिळाला नाही. अख्ख्या सामन्यात जवळून मारायच्या दोन किकाही चुकल्या. दुसरी चुकली तेव्हा भाचा खाली बसला, बाकीचे उभे असताना.

शेवटच्या काही मिनिटांत मिशिगनच्या केलेल मलिंग्सने 27 यार्ड मुसंडी मारली आणि मग 45 सेकंद उरले असताना डॉमिनिक झ्वाडाने 21 यार्डांवरून चेंडू खांबांमधून घातला. 13–10. ओहायोला परत चेंडू मिळाला, काही झालं नाही. आजोबांनी बकाय खिशात ठेवलं, उशीची घडी घातली, पण निघाले नाहीत.

पुढचं जगाने टीव्हीवर पाहिलं. मिशिगनच्या खेळाडूंनी मैदानाच्या मध्यावर, ओहायोच्या ‘ओ’ अक्षरावर, आपला झेंडा रोवायचा प्रयत्न केला, ओहायोवाले धावून गेले, मारामारी जुंपली, पोलिसांनी तिखटाचा फवारा मारला. नंतर दोन्ही विद्यापीठांना प्रत्येकी एक लाख डॉलर दंड झाला. मला ते दृश्य आवडलं नाही, झेंडा रोवणाऱ्यांचंही आणि धावून जाणाऱ्यांचंही. माझ्या भोवतीच्या लोकांचं मात्र तिकडे फारसं लक्षच नव्हतं. ते प्रशिक्षकावर चिडले होते. मधूनच का पळलात, हा एकच प्रश्न. जिना उतरताना, पुलावर, गाडीच्या रांगेत, सगळीकडे तोच. अनोळखी माणसं एकमेकांना अमुक वेळेचा तमुक डाव सांगत होती. कोणी ‘खेळच आहे हो’ म्हटलं नाही. मला ते बरं वाटलं. ज्याने वर्षभर एका दिवसाची वाट पाहिली त्याला हे ऐकवणं हा त्याचा अपमान आहे.

घरी ताईने भात-आमटी केली होती. भाचा दोन घास खाऊन वर गेला.

यानंतर जे घडलं त्याने मला या लोकांविषयी जास्त कळलं. पूर्वी मिशिगनकडून हरलं की बहुधा सगळा हंगाम वाया जायचा. 2024 पासून राष्ट्रीय विजेतेपदासाठी बारा संघ खेळू लागले, त्यामुळे ओहायोला अजून संधी होती. तीन आठवड्यांनी टेनेसी कोलंबसला आलं. निराश झालेल्या कितीतरी चाहत्यांनी तिकिटं विकून टाकली होती. घरच्या स्टेडियममध्ये टेनेसीचा केशरी रंग पसरलेला मी इकडे कोल्हापुरात बसून मोबाइलवर पाहिला. ओहायोने त्यांना 42–17 ने उडवलं. मग ओरेगॉनला, मग टेक्ससला, आणि 20 जानेवारी 2025 ला अटलांटात नोत्र दामला 34–23 ने हरवून ते देशाचे विजेते झाले. आता बाहेर, बाजूला, सगळीकडे फेकत होते. म्हणजे जमत होतं!

अनेकांनी लिहिलं की बघा, मिशिगनच्या पराभवावर रडणारे किती उथळ होते. मला हे अजिबात पटत नाही. विजेतेपद हे देशाचं. ते यंदा आपल्याकडे, पुढच्या वर्षी अलाबामाकडे किंवा जॉर्जियाकडे. मिशिगनचा सामना हा टोलेडोपासूनच्या शेजाऱ्यांमधला आहे, त्याची भरपाई अटलांटात होत नाही. भाच्याला अभिनंदनाचा फोन केला तेव्हा तो मनापासून खूश होता, पार ओरडत होता. दोन मिनिटांनी म्हणाला, “पण मामा, हाच खेळ नोव्हेंबरमध्ये का नाही खेळले?”

29 नोव्हेंबर 2025 ला मिशिगनच्या गावी, ॲन आर्बरमध्ये, बर्फ पडत असताना, ओहायोने मिशिगनला 27–9 ने हरवलं. आपल्याकडे रात्रीचे दोन वाजत आले होते. भाच्याचा फोन आला तेव्हा मी जागाच होतो. मागे ताईचा आवाज येत होता, म्हणजे तीही बघत होती. सोन्याच्या विजारी एकदाच्या वाटल्या जाणार होत्या. पुढच्याच आठवड्यात बिग टेन या त्यांच्या गटाच्या अंतिम सामन्यात इंडियानाने ओहायोला 13–10 ने हरवलं, बरोबर तोच धावफलक, आणि वर्षाच्या शेवटच्या दिवशी मायामीने त्यांना राष्ट्रीय स्पर्धेतूनच बाहेर काढलं. या वेळी भाचा चिडला, तावातावाने बोलला, प्रशिक्षकाला नावं ठेवली आणि जेवायलाही बसला.

2026 चा सामना पुन्हा कोलंबसला आहे. त्याने माझंही तिकीट धरलं आहे, आणि ताईने रश्श्यासाठी मोठा थर्मास घेऊन ठेवला आहे.