हापूस, साका आणि २१ दिवस
मागच्या सीझनची गोष्ट. देवगडचे एक बागायतदार ऑफिसात आले ते बसायच्या आधीच सुरू, "तीन दिस पेट्यो थयच पडान होत्यो, आणि आता म्हणतत आंब्यातच खोट!" मुंबईहून विमानाने लंडनला पाठवलेला हापूस तीन दिवस लेट पोचला, निम्मा गेलेला, आणि एअरलाईनचं उत्तर काय तर माल नाशवंत, अंगचाच दोष, आम्ही जबाबदार नाही.

मी एरवी सातबारा आणि वाटण्या बघणारा वकील, आंतरराष्ट्रीय विमान वाहतुकीचा १९९९ चा मॉन्ट्रियल करार (आपल्याकडे २००९ पासून लागू) कॉलेजनंतर उघडलाच नव्हता. उघडला तर कलम १८ मध्ये खरंच तसं लिहिलेलं, मालाच्या अंगच्या दोषाने नुकसान झालं तर कंपनी सुटते. वर कलम ३१, खराब मालाची तक्रार १४ दिवसांत आणि लेखीच. हे गृहस्थ १७ दिवस नुसते फोन करत बसलेले!

लंडनचे फोटो झूम करून बघितले. साका, म्हणजे हापूसचा अंगचाच दोष, असता तर आंबा वरून सोन्यासारखा आणि आत पांढरट स्पंजासारखा गर, इथे देठाकडून काळं पडत गेलेलं. पण हे सिद्ध कोण करत बसणार.

चहा येईस्तोवर कलम १९ दिसलं, उशिरामुळे झालेलं नुकसान. त्यात अंगच्या दोषाची पळवाटच नाही, सुटायचं तर आम्ही शक्य ते सगळं केलं हे कंपनीनेच दाखवायचं, आणि तक्रारीला २१ दिवस! मॉन्ट्रियलच्या आधीच्या, १९२९ च्या वॉर्सा करारात हे १४ च होते, १९५५ ला हेगमध्ये वाढवले म्हणून आम्ही वाचलो. तक्रार माल घेणाऱ्याची लागते, म्हणून लंडनच्या व्यापाऱ्याला फोनवर मजकूर सांगितला, पहिल्या ओळीतच 'उशीर' पाहिजे, सडका-बिडका नंतर. रात्री दीडला मेल गेल्याचा मेसेज आला तेव्हा झोपलो.

दिवाळीआधी तडजोड झाली. किलोमागे भरपाईची मर्यादा आहे, करारात सुरुवातीला १७ एसडीआर (आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचं हिशोबाचं एकक) होती, डिसेंबर २०२४ पासून २६, म्हणजे अडीच हजार रुपयांच्या वर, तिथवर आमच्या हापूसचा भाव कुठला जायला.

त्या दिवशी जाताना त्यांनी टेबलावर डझनभर आंबे ठेवले होते. घरी कापला तर पहिल्यातच साका. हे मी त्यांना अजून सांगितलेलं नाही.