व्हेरिकोसील: काउंट बरा असूनही अडतं कुठे?

वीर्यतपासणीचा रिपोर्ट हातात आला की सगळ्यांची नजर आधी काउंटवर, म्हणजे शुक्राणूंच्या संख्येवर, जाते. व्हेरिकोसीलच्या बाबतीत तो आकडा बरेचदा फसवतो, कारण इथे खरं नुकसान रासायनिक असतं.

वृषणातून वर जाणाऱ्या शिरांचं जाळं फुगणं म्हणजे व्हेरिकोसील. साधारण १५ टक्के पुरुषांत ते असतं. मूल होत नाही म्हणून तपासायला आलेल्यांत मात्र प्रमाण ३५ ते ४० टक्क्यांपर्यंत जातं. बहुधा डावीकडेच, कारण तिकडची शीर लांब असते आणि मूत्रपिंडाच्या शिरेला काटकोनात मिळते. झडपा निकामी झाल्या की उभं राहताच रक्त उलटं खाली उतरतं.

वृषण शरीरापेक्षा २ ते ४ अंश थंड राहायला हवं. साचलेल्या रक्ताने ऊब वाढते, ऑक्सिजन कमी पडतो आणि पेशींतल्या मायटोकॉन्ड्रियातून (पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या भागातून) सुपरऑक्साइड गळू लागतं. त्यापासून हायड्रोजन पेरॉक्साइड बनतं. सुपरऑक्साइडची नायट्रिक ऑक्साइडशी गाठ पडली तर पेरॉक्सिनायट्राइट. ही सगळी ऑक्सिडंट, म्हणजे पेशींना इजा करणारी रसायनं. शुक्राणूचं आवरण असंतृप्त स्निग्धाम्लांनी भरलेलं, त्यामुळे ते चटकन ऑक्सिडाइज होतं आणि शेपटीची हालचाल मंदावते. पेशीद्रव जवळपास नसल्याने बचावाची एन्झाइम्स तुटपुंजी, आणि तुटलेला डीएनए जोडायची सोय पक्व शुक्राणूत नसते. गंमत म्हणजे ज्या अर्धवट वाढलेल्या शुक्राणूंत पेशीद्रव उरलेला असतो, तेच जास्त ऑक्सिडंट तयार करतात.

म्हणून काउंट १ मिलीला १.६ कोटींच्या वर असूनही पुढे सरकणारे शुक्राणू ३० टक्क्यांखाली असू शकतात. गर्भ राहत नसेल किंवा वारंवार गर्भपात होत असतील, तर डीएनए फ्रॅगमेंटेशनची, म्हणजे शुक्राणूतला डीएनए किती तुटला आहे याची, चाचणी करून घ्यावी. बऱ्याच लॅब ३० टक्क्यांवरचा निर्देशांक जास्त धरतात.

नमुना देण्यातच पुष्कळ गोंधळ होतो. संबंधाशिवाय २ ते ७ दिवस गेलेले असावेत. दिवस वाढले तर फ्रॅगमेंटेशनही वाढतं. सुरुवातीच्या थेंबांत शुक्राणू सर्वाधिक, ते सांडले तर रिपोर्ट विसरा. वंगण लावायचं नाही. डबी अंगाच्या उबेत ठेवून तासाभराच्या आत, जमल्यास अर्ध्या तासात, लॅबमध्ये पोचवायची. मागच्या ३ महिन्यांत मोठा ताप येऊन गेला असेल तर डॉक्टरांना सांगा, आणि एकाच रिपोर्टवर निर्णय घेऊ नका.

ऑक्सिडंटना आवर घालणाऱ्या अँटीऑक्सिडंट कॅप्सूलवर आमचा फार भरवसा नाही. झिंक आणि फॉलिक ॲसिडची अमेरिकेतली मोठी चाचणी २०२० मध्ये प्रसिद्ध झाली. २३७० जोडप्यांत जिवंत बाळांचं प्रमाण वाढलं नाही, उलट गोळ्या घेणाऱ्यांत डीएनए फ्रॅगमेंटेशन किंचित जास्त निघालं. ती चाचणी फक्त व्हेरिकोसीलवाल्यांची नव्हती, हे खरं. पण शीर उलटी वाहत असताना गोळीने ऊब कशी उतरणार?

उभं करून, जोर द्यायला लावून हाताला लागणारं व्हेरिकोसील आणि बिघडलेला रिपोर्ट, दोन्ही असतील तरच शस्त्रक्रियेचा विचार. केवळ सोनोग्राफीत दिसलं म्हणून नाही. मायक्रोस्कोपखाली केल्यास धमनी आणि लसिकावाहिन्या वाचवता येतात, त्यामुळे नंतर हायड्रोसील (वृषणाभोवती पाणी साचणं) होण्याची भीती कमी राहते. शुक्राणू तयार व्हायला सुमारे ७४ दिवस लागतात, तेव्हा पहिली फेरतपासणी ३ महिन्यांनीच. बायकोचं वय ३५ च्या पुढे असेल तर हे महिने मोजूनच शस्त्रक्रिया की आयव्हीएफ (टेस्ट ट्यूब बेबी) ते ठरवा. फक्त उजवीकडे अचानक आलेलं, किंवा आडवं झाल्यावरही न ओसरणारं व्हेरिकोसील असेल, तर आधी पोटाची सोनोग्राफी; मूत्रपिंडाजवळची गाठ शीर दाबत असू शकते.